पर्सची मॅन्युफॅक्चरिंग डेट

मी बायकोच्या पर्समध्ये फक्त डोकावलो, एवढंच. (पैशांसाठी नव्हे. तेवढं धाडस माझ्यात नाही.)

दुबईला राहणारी माझी बहीण भाविका सुट्टीला नवापूरला आईकडे आली होती. तिनं मेघालीला, म्हणजे माझ्या बायकोला, एक फ्रेंच डिझायनर पर्स दिली. मेघाली इतकी खुश, की आमच्या सालवडच्या बिल्डिंगमध्ये कचरा टाकायला जातानासुद्धा ती पर्स तिच्या खांद्याला!

मी तारापूरच्या एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे. बॅच नंबर दिसला की माझे हात शिवशिवतात. पर्सच्या आतल्या खिशात चामड्याच्या पट्टीवर दोन अक्षरं आणि चार आकडे दिसले: १०२९. झालं! मोबाईलवर वाचायची पद्धत शोधली आणि ओरडलो, "सापडलं! एक सोडून एक आकडा वाचायचा. आठवडा बारावा, साल दोन हजार नऊ!"

"म्हणजे?"

"म्हणजे माल कधीच एक्सपायर! आमच्याकडे सरळ रिजेक्ट."

मेघालीचा चेहरा उतरला. "तुमच्या बहिणीनं मला वापरून टाकलेली पर्स दिली? जुनेरं गोळा करायला मी काय बोहारीण आहे? रविवारी तोंडावर परत करते. पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही!"

मी घाईघाईनं मोबाईल खिशात टाकला. एकुलती एक बहीण आणि (कायद्यानं) एकुलती एक बायको!

"अगं, मी चुकलो असेन."

"तुम्ही? दूध नासलंय का, हेसुद्धा तुम्ही पिशवीवरची तारीख वाचून सांगता!"

रविवारी नवापूरला आई ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. मेघालीनं पर्स भाविकासमोर आपटली. "ही घे तुझी दोन हजार नऊची पर्स."

"अय्या वहिनी, तुला कसं कळलं?"

"तुझ्या दादानं शोधलं."

मी देवाचं नाव घेतलं. आणि भाविका चक्क टाळ्या पिटायला लागली. "म्हणजे दुकानदार खरं बोलत होता! अगं, हे मॉडेल आता निघतच नाही. नव्यापेक्षा जुनीला भाव जास्त. तुझ्यासाठी किती दुकानं पालथी घातली!"

मेघालीनं पर्स झडप घालून उचलली आणि पोटाशी धरली. मग भाविकालाच मिठी मारली. "मला वाटलंच होतं गं! हेच मेले काहीतरी बरळत होते."

"मंग भांडण नाय ना?" आईनं सुरी खाली ठेवली. "चला, जेवाला बसा."

माझा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात मी चार तळलेले बोंबील जास्त खाल्ले.

परतताना रिक्षात मला जरा चेव आला. म्हटलं, "बघ, जुनं झालं की किंमत वाढते. आता माझाही भाव वाढला असेल, नाही?"

मेघाली पदरानं पर्स पुसत होती. वरही न बघता म्हणाली,

"अहो, ते ब्रँडेडचं. तुम्ही जेनेरिक."