कावळे माझ्याकडे जेवतात

पक्ष्यांना खाऊ घालण्यात शिरूर तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एसटीतून निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली, आणि घरात बोलायला टीव्हीशिवाय कोणी उरलं नाही. तेव्हा परसातल्या शेवग्याला एक परात टांगली. म्हटलं, चिमण्या येतील, बुलबुल येतील, सकाळ तरी बरी जाईल.

आले कावळे! बाजरीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग मी लसूण शेव आणली, आणि घोडनदीकाठचे यच्चयावत कावळे माझे पाहुणे झाले. मी त्यांच्याशी बोलायचो. ते मान वाकडी करून ऐकायचे. आजकाल तेवढं तरी कोण ऐकतं?

अशात शेजारचे हौसराव वारले. दहाव्याला मी घाटावर गेलो. घाट माझ्या परसाच्या भिंतीपलीकडेच. पिंड मांडला, सगळे मागे सरले आणि वर बघू लागले. आभाळात औषधालासुद्धा कावळा नव्हता.

मला एकदम आठवलं, निघताना मी परात भरून आलो होतो.

हौसरावांचा थोरला, ज्योतिबा, हात जोडून पुढे झाला. "आबा, आईला मी सांभाळीन."

कावळा नाही.

"रस्त्याकडंचा तुकडा धाकट्याला देतो, आबा."

धाकट्यानं मान वर केली. कावळा नाहीच.

"विहिरीचं पानी बी निम्मं निम्मं."

ऊन चढलं. हौसरावांच्या पत्नी तुळजाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "माझ्यावरच रुसल्यात. भजी मागितली व्हती, म्या दिली न्हाईत."

आता माझी पंचाईत झाली. सांगावं तर गाव मला फाडून खाणार, न सांगावं तर ही बाई जन्मभर त्या भज्यांसाठी झुरणार.

"वैनी, आबा रुसल्यालं न्हाईत," मी म्हणालो. "कावळं माझ्याकडं जेवत्यात."

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा पिंड माझाच. "अप्पा, म्हणजे तुम्ही कावळे फितवलेत?"

मग अख्खी मंडळी पिंड घेऊन माझ्या परसात. परातीतली शेव काढली, तिथं पिंड ठेवला. हात मागे घेईपर्यंत कावळा शिवला! तुळजाबाईंनी डोळे पुसले. ज्योतिबा माझ्या कानाशी लागला, "अप्पा, हे रस्त्याकडंच्या तुकड्याच्या आधी सांगायचं व्हतं."

मी सगळ्यांना चहा केला. कप पुरेनात, म्हणून पेले काढले. घरात इतकी माणसं बायको गेली तेव्हाच आली होती. दहाव्याला आनंद होऊ नये, पण मला झाला. चहा पिऊन मंडळी जेवायला गेली, आणि परस पुन्हा रिकामं झालं.

संध्याकाळी पुण्याला मुलाला, इंद्रजीतला, फोन लावून सगळं सांगितलं. तो खूप हसला. "बरं झालं, अप्पा. तुमच्या वेळी खोळंबा नाही व्हायचा. मला दुपारची शिफ्ट गाठता येईल."

गमतीनंच म्हणाला. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र वाईट वाटलं. हौसरावांना पोरानं केवढं आळवलं, आणि माझं हात मागे घेईपर्यंत उरकणार!

तेव्हापासून शेव बंद आहे. रोज सकाळी कावळ्यांना समजावतो, बाबांनो, माझ्या वेळी एवढ्या घाईनं येऊ नका. तेवढंच पोरगं जरा जास्त वेळ बसेल.