खारट गाळाचा पुरवठा

पुण्याला समुद्र नाही. त्यामुळे समुद्रतळाचा अभ्यास करणारं केंद्र पुण्यात काढायचं ठरलं तेव्हा कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत फायली टिकत नाहीत, असं कारण फायलीत नोंदलं होतं. केंद्र कोथरूडला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर थाटण्यात आलं.

तिथे डॉ. नीरजा परचुरे संशोधन करीत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत बड्या देशांनी उघड्या आभाळाखाली अणुबाँब फोडून पाहिले. त्यांची राख पावसाबरोबर जगभर पडली आणि समुद्रात गेलेली राख तळाच्या गाळात जाऊन बसली. गाळ थराथरानं साचतो. थर उलगडले, की कोणत्या काळात किती विष आलं ते समजतं. नीरजाबाईंनी या कामासाठी समुद्राचा गाळ मागितला.

"जहाज भाड्यानं घेणं म्हणजे प्रवास," खरेदी अधिकारी दीनानाथ म्हणाले. "प्रवासाला यंदा तरतूद नाही. गाळ ही खरेदी. खरेदीला आहे."

"अहो, पण गाळ आणायला समुद्रावर जावं लागतं."

"ते पुरवठादार पाहील. आपण फक्त वर्णन द्या."

नीरजाबाईंनी वर्णन दिलं: काळसर, चिकट, खारट, थर असलेला. निविदा निघाली. सर्वांत स्वस्त गाळ पुण्याजवळच्या मांजरी गावच्या बजरंगशेठचा निघाला. केंद्राला कुंड्या आणि पाण्याचे टँकरही तेच पुरवीत.

गाळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आला, पाइपांत नीट भरलेला. नीरजाबाईंनी तो किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राखाली धरला. अणुचाचण्यांचा त्यात मागमूस नव्हता. त्यांनी यंत्र तपासलं, पुन्हा गाळ तपासला. तिसऱ्या पाइपात त्यांना उसाचं मूळ सापडलं.

त्या तशाच स्कूटरवरून मांजरीला गेल्या. बजरंगशेठ विहिरीच्या कठड्यावर बसून खोदकाम पाहत होते.

"बजरंगशेठ, हा गाळ समुद्राचा आहे?"

"तर हो!"

"त्यात उसाचं मूळ निघालं."

"समुद्राकडं ऊस नसतोय व्हय?"

"आणि मीठ?"

"मीठ आमीच घातलंय. तुमीच लिवलं व्हतं ना खारट म्हून? कमी पडलं आसंल तर सांगा, आनकी टाकतो. थरबी पायानं तुडवून केल्यात, मॅडम. कामात कुचराई न्हाई."

नीरजाबाई धावत संचालक डॉ. श्रीनिवास यांच्याकडे गेल्या. तोवर या तपासणीचा अहवाल दिल्लीला पोचला होता. गाळात काहीच सापडलं नसल्यामुळे त्या काळात अणुचाचण्या झाल्याच नसाव्यात, असा निष्कर्ष संचालकांनी स्वतः लिहिला होता.

"सर, त्या स्फोटांच्या चित्रफिती आहेत!"

"चित्रफीत म्हणजे गाळ नव्हे, नीरजाताई. आपली शाखा फक्त गाळावर विश्वास ठेवते."

अहवालाचं स्वागत झालं. ज्या देशांनी बाँब फोडले होते त्यांना विशेष समाधान वाटलं. त्यांपैकी एकानं संचालकांना व्याख्यानासाठी सपत्नीक बोलावलं.

नीरजाबाईंनी रजा टाकली. रत्नागिरीला एका ओळखीच्या कोळ्याची होडी मिळवली, उलट्या काढत दोन दिवस समुद्रात घालवले आणि खऱ्या गाळाचा पाइप एस.टी.त मांडीवर आडवा धरून पुण्यात आणला. यंत्राखाली ठेवताच अणुचाचण्यांच्या काळातल्या थराशी आकडा सरसर चढला. "सापडलं!" असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली. मग काय सापडलं ते लक्षात येऊन त्या खाली बसल्या.

चौकशी समिती बसली.

"हा गाळ मंजूर पुरवठादाराचा नाही," दीनानाथ म्हणाले. "गाळ अनधिकृत, म्हणजे त्यातला किरणोत्सर्गही अनधिकृत."

"पण तो समुद्रात आहे!"

"असू द्या ना. केंद्रात कसा आला, एवढाच प्रश्न आहे. जिथून आणलात तिथे परत टाकून या."

किरणोत्सर्गी पदार्थ कार्यालयात आणल्याबद्दल नीरजाबाईंची प्रमाणपत्र विभागात बदली झाली. तिथे पहिलाच अर्ज बजरंगशेठचा होता. पुरवलेल्या मालाबद्दल त्यांना दाखला हवा होता.

नीरजाबाईंनी पेन उचललं. आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी शांतपणे खरं तेच लिहिलं: 'सदर गाळ समुद्राचा नसून मांजरी येथील विहिरीतला आहे. त्यात अणुचाचण्यांचा कोणताही अंश आढळला नाही.' खाली सही केली, शिक्का मारला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

आठवड्यानं बजरंगशेठ पेढ्यांचा पुडा घेऊन आले.

"मॅडम, तुमी लई मोठं काम केलंत. समुद्र गेला खड्ड्यात. तुमी दाखल्यात आमच्या जमिनीचं नाव घातलंत!"

विहीर बुजवून तिथे बारा मजली इमारत उठू लागली. फलकावर नीरजाबाईंचा दाखला माणसाच्या उंचीएवढा छापला होता. वर लिहिलं होतं: 'जगातली एकमेव अणुमुक्त जमीन. शासकीय शास्त्रज्ञांची हमी.' संचालकांनी वरचा मजला घेतला, दीनानाथांनी बागेकडचा. नीरजाबाईंनी वृत्तपत्रांना खुलासा पाठवला. तो छापून आला, इमारतीच्या पानभर जाहिरातीच्या मागच्या बाजूला.

आता थोडेच फ्लॅट शिल्लक आहेत. इथवर वाचून आपण हसला असाल. बजरंगशेठची त्याला हरकत नाही. रविवारी नमुना फ्लॅट पाहायला येणारे सगळेच आधी हसतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "ते अणूचं राहू द्या हो. कव्हर्ड पार्किंग मिळतंय ना?"