सातव्या प्रयोगाचं उत्तर ४.२

जबलपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात 'अभियांत्रिकी समस्यांसाठी प्रोग्रामिंग आणि डेटा विश्लेषण' हा विषय गेली तेरा वर्षं निळ्या बॉलपेनने शिकवला जातो. प्रोग्राम उजवीकडच्या रेघांच्या पानावर लिहायचा. त्याचं उत्तर डावीकडच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने चौकट आखून तिच्यात. चौकटीला छाया दिली तर एक गुण जास्त मिळतो. विभागात संगणकही आहेत, तीस आहेत. त्यांच्यावर फुलाफुलांचे अभ्रे आहेत, कक्षाबाहेर चपला काढायच्या असतात, आणि संगणकाला हात लावण्यापूर्वी फाइल पूर्ण असावी लागते. फाइल पूर्ण झाल्यावर संगणकाला हात लावायचं काही कारण उरत नाही, म्हणून यंत्रं अजून नव्यासारखी आहेत.

फाइलीत दहा प्रयोग असतात. सातवा असा: 'संगणक कक्षाच्या मधल्या बीमला आलेला बाक बारा आठवडे मोजून, प्रोग्रामद्वारे निष्कर्ष काढणे.' उत्तर ४.२ मिलिमीटर. वीसपर्यंत चालतो, म्हणून बीम सुरक्षित. हे उत्तर २०११ साली अपूर्व नावाच्या विद्यार्थ्याने खरोखर शिडीवर चढून काढलं होतं. त्याच्या फाइलीवरून पुढच्या वर्षीच्या मुलांनी उतरवलं, त्यांच्यावरून त्यापुढच्यांनी, आणि अशा रीतीने विभागात संशोधनाची अखंड परंपरा निर्माण झाली. २०१४ साली त्या बीमच्या बरोबर वर, गच्चीवर, पाण्याची मोठी टाकी बसवली गेली. टाकीची नोंद सातव्या प्रयोगात करायची पद्धत नसल्याने ती झाली नाही.

शेवटच्या वर्षाच्या दुर्वा पोतनीसने एक चूक केली. तिने प्रश्न वाचला.

वास्तविक तिचं कुळ असं बेशिस्त नव्हे. पोतनीसांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत कारकुनीला जबलपूरला आले आणि घराण्याने कारकुनी पुढे कधी सोडली नाही. वडील जगन्नाथराव एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागातून सन्मानाने निवृत्त झाले होते आणि मदन महल वस्तीतल्या घरी बसून आता फक्त विजेची बिलं फाइलीला लावत. त्यांच्या पोटी ही मुलगी. 'मोजून' असं लिहिलं आहे म्हणून ती सुतळी आणि पट्टी घेऊन कक्षात गेली आणि तिथले तंत्रज्ञ श्यामसुंदर भैया यांच्याकडे शिडी मागू लागली.

श्यामसुंदर भैयांनी शिडी दिली, धरलीही. दुर्वाने बीमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली आणि मधलं अंतर मोजलं. एकवीस. पुन्हा मोजलं, तरी एकवीस.

"भैया, ये तो बहुत झुका है."

"हाँ बिटिया," भैया शांतपणे म्हणाले, "हम तो दो साल पहले सरक लिए."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की भैयांचं टेबल, जे पूर्वी कक्षाच्या मधोमध असे, ते आता दाराला अगदी चिकटून आहे. त्यांनी कुठलीही पट्टी लावली नव्हती, प्रोग्राम लिहिला नव्हता. तरी विश्लेषण अचूक होतं.

दुर्वाने बारा आठवडे मोजलं. एकवीसचे सव्वीस झाले. एका संगणकाचा अभ्रा काढून तिने प्रोग्राम लिहिला, तो चालवला, आणि पडद्यावर एक तिरकी रेघ उमटली. रेघेचं म्हणणं असं होतं की पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत गच्चीवरची टाकी संगणक क्रमांक चौदावर येऊन बसेल. चौदाव्या संगणकासमोर दर सोमवारी दुसऱ्या वर्षाची मुलं फाइल उतरवायला बसत. दुर्वाने आकडे पुन्हा तपासले, रेघ तीच आली. मग तिने सव्वीस हा आकडा डाव्या पानावर, चौकट आखून, पेन्सिलीने लिहिला.

विषयाचे प्राध्यापक अच्युत सबनीस सरांनी फाइल उघडली आणि सातव्या प्रयोगावर ते थबकले.

"हे आकडे कुठून आणले तू?"

"बीमवरून, सर."

"काहून?"

'का मोजलं' या प्रश्नाची तयारी दुर्वाने केली नव्हती. "प्रयोगात लिहिलंय ना सर, मोजून म्हणून."

"मोजून झालंय ते बेटा, अकरा सालीच. झालेलं काम तू पुन्हा काहून करून राहिली?" सरांचा आवाज मायेचा होता. "हे पाह्य. एकशे एकोणीस पोरं एक उत्तर घेऊन येऊन राहिले, आणि तू एकटी दुसरं. आता डेटा कोणाकडे जास्त आहे? एकशे एकोणीस विरुद्ध एक. हेच तर शिकवतो मी तुम्हाला."

"पण सर, बीम तर वरच आहे. तुम्ही एकदा वर पाहा ना."

"वर पाहणं अभ्यासक्रमात नाही," सर म्हणाले आणि लाल पेनाने शेरा मारला: 'उत्तर जुळत नाही. पुन्हा करा.'

प्रकरण इथवर हसण्यासारखं होतं. पण सही नाही तर फाइल नाही, फाइल नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि तोंडी परीक्षा नाही तर विषय राहिला. दुर्वाची पुण्याच्या एका कंपनीत निवड झाली होती, आणि अट एकच होती: एकही विषय राहता कामा नये. एका बाजूला तिची नोकरी आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या वर्षाच्या मुलांची डोकी, असा हा सातवा प्रयोग होऊन बसला.

घरी जगन्नाथरावांनी सगळं ऐकून घेतलं. "दुर्वा बेटा, छत वेगळं आणि छताची फाइल वेगळी. मी पस्तीस वर्षं फायली सांभाळल्या. छत एकदा नाही पाह्यलं. काही अडलं का माझं?"

"बाबा, खाली पोरं बसून राहतात तिथे."

"अच्छा, असं असेल तर अर्ज दे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, पण अर्ज द्यावा. अर्ज दिला की आपली जबाबदारी संपते. तो त्याच्यासाठीच असतो."

त्यांनी स्वतः मसुदा करून दिला. इतका देखणा अर्ज त्या महाविद्यालयात बऱ्याच वर्षांत आला नव्हता, असं आवक विभागाने मान्य केलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: 'आपला अर्ज प्राप्त झाला. त्यावर तांत्रिक अभिप्राय मागवण्यात आला असता, सातव्या प्रयोगाच्या मागील तेरा वर्षांच्या निष्कर्षांनुसार सदर बीम सुरक्षित असल्याचे आढळते. सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही. अर्जदाराचा स्वतःचा सातवा प्रयोग अपूर्ण असल्याचे निदर्शनास आले आहे. तो तातडीने पूर्ण करावा.'

जगन्नाथरावांनी हे उत्तर दोनदा वाचलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "काय भाषा आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात मूल्यांकन समिती येणार असल्याची वर्दी आली आणि विभागप्रमुख डॉ. विनता देव मॅडमनी दुर्वाला बोलावून घेतलं. मॅडम मागच्याच वर्षी पुण्याहून आल्या होत्या. त्या सबनीस सरांसारख्या जुन्या वळणाच्या नव्हत्या. त्यांच्या खोलीत फळ्यावर आलेख होते, टेबलावर कॅक्टस होतं. त्यांनी दुर्वाचे आकडे मन लावून पाहिले आणि दुर्वाला वाटलं, चला, कुणीतरी भेटलं.

"किती छान काम केलं आहेस," मॅडम म्हणाल्या. "समितीला हेच हवं असतं. प्रत्यक्ष समस्या, प्रत्यक्ष मोजमाप. आणि तुझा डेटा चुकीचा नाहीये हं. तो फक्त अस्वच्छ आहे."

"म्हणजे, मॅडम?"

"तिसऱ्या युनिटमध्ये काय शिकलो आपण? बाकीच्या नोंदींपासून फार लांब पडलेली नोंद म्हणजे आउटलायर. ती काढून टाकायची. आता मागच्या तेरा वर्षांच्या नोंदी बघ. प्रत्येक वर्षी ४.२. जरासुद्धा फरक नाही. इतका शिस्तीचा डेटा मी पुण्यातसुद्धा बघितला नाही. त्याच्यापुढे तुझे एकवीस आणि सव्वीस काय आहेत?"

"आउटलायर," दुर्वा हळूच म्हणाली.

"सगळे?"

"बाराच्या बारा."

"काढ मग. किती उरल्या?"

"शून्य, मॅडम."

"म्हणजे बारा जागा रिकाम्या. रिकाम्या जागा कशाने भरतात? युनिट चार."

"आधीच्या सरासरीने."

"बघ, येतंय तुला सगळं!" मॅडमनी कौतुकाने मान हलवली.

दुर्वाने प्रोग्रामला चार ओळी जोडल्या. एकही ओळ पुस्तकाबाहेरची नव्हती. बोट कळीवर ठेवून ती क्षणभर थांबली. तिला सोमवारची मुलं आठवली, मग पुणं आठवलं, आणि खरं सांगायचं तर पुणं जास्त स्पष्ट आठवलं. तिने कळ दाबली. पडद्यावर ४.२ आलं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी खूप हलकंही वाटलं. अशा वेळी माणूस लाज बाजूला ठेवतो आणि हलकेपणा घेऊन घरी जातो. तीही गेली.

सबनीस सरांनी सही केली. चौकटीला छाया होती, तिचा एक गुण जास्त दिला.

त्या चार ओळींना मॅडमनी 'शुद्धी' असं नाव दिलं आणि मग शुद्धीचं काम वाढत गेलं. हजेरीत एकतीस टक्क्यांची मुलं होती, ती शुद्ध होऊन पंच्याहत्तरवर आली. वसतिगृहाच्या वरणात डाळीचं प्रमाण फार खाली गेलेलं होतं, ते मागील वर्षांच्या सरासरीवर आलं. वरण तेच राहिलं. निकाल लागला तेव्हा नापास झालेली मुलं एकूण मुलांपासून फार लांब पडलेली आढळली, म्हणून काढली गेली. दोन मुलं विचारायला आली की आम्ही पास झालो का. त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही पास किंवा नापास नाही, तुम्ही अस्वच्छ आहात.

समिती आली. अध्यक्ष डॉ. देवदत्त मिश्रा आणि दोन सदस्य. त्यांना विभागातल्या सर्वांत उत्तम जागी, संगणक कक्षाच्या मधोमध, खुर्च्या मांडून बसवण्यात आलं. समोर पोहे आणि खोव्याची जिलेबी. दुर्वाने शुद्धीचं सादरीकरण सुरू केलं. आलेख सरळ होता, अगदी आडवा, ताणून धरलेल्या सुतळीला लाज वाटावी असा. अध्यक्षांची मान तालात हलत होती.

तेवढ्यात वरून गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा सुटला आणि थेट अध्यक्षांच्या जिलेबीत पडला.

 सबनीस सरांनी खाली पाहिलं. मॅडमनी कॅक्टस असतं तर त्याच्याकडे पाहिलं असतं. श्यामसुंदर भैया दारात उभे होते आणि फक्त तेच दुर्वाकडे बघत होते.

"ये क्या था?" अध्यक्षांनी तिलाच विचारलं.

उत्तर तिच्या जिभेवर होतं. सव्वीस. आता तर अठ्ठावीसही असेल. एवढा एक आकडा म्हटला असता तरी पुरे होतं. पुण्याचं पत्र तिच्या पिशवीत होतं.

"आउटलायर, सर," दुर्वा म्हणाली.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "एक्सलेंट," ते म्हणाले, आणि ताटली बदलून मागितली. विभागाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. अहवालात शुद्धीचा खास उल्लेख झाला. उल्लेख फक्त एका गोष्टीचा झाला नाही: सादरीकरण संपलं तेव्हा तिघांच्याही खुर्च्या, कुणी न सांगता, दाराजवळ पोहोचलेल्या होत्या.

वर्षभराने दुर्वाला माजी विद्यार्थिनी म्हणून मार्गदर्शनाला बोलावलं. तिची फाइल आता आदर्श फाइल म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती आणि मुलं ती पाळीपाळीने उतरवत होती. चौदाव्या संगणकासमोर संपदा नावाची मुलगी बसली होती, हातात निळं बॉलपेन. तिने मान वर केली.

"दीदी, तुम्ही खरंच मोजलं होतं का ते? शिडीवर चढून?"

दुर्वाने वर पाहिलं. सुतळी लागत नव्हती, आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

"तुझी फाइल पूर्ण आहे ना?" तिने विचारलं, आणि विचारता विचारता आपली खुर्ची श्यामसुंदर भैयांच्या टेबलाशेजारी ओढून घेतली.  भैयांनी तिला जागा करून दिली.

तुम्ही म्हणाल, या मुलीने बोलायला हवं होतं. अगदी बरोबर. चाड असलेला कुणीही वाचक हेच म्हणेल. फक्त एक सांगा. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, पोरांच्या शाळेत तुम्हीही कधीतरी आपली खुर्ची अशीच जरा दाराकडे सरकवून घेतली आहे. का सरकवली, ते तुम्हाला नक्की माहीत होतं. तुम्ही उठलात तेव्हा त्या रिकाम्या जागी कोण येऊन बसलं, आणि त्याला तुम्ही काय सांगितलंत?