सोढीआंटींची पंजिरी आणि माझा जिभेवर विजय

जीभ जिंकायला फार काही लागत नाही हो, फक्त मनाचा निर्धार लागतो! हे वाक्य गेल्या आठवड्यात मी चंदीगडमधल्या दिसेल त्या मराठी माणसाला ऐकवलंय. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अविनाशने तर येत्या रविवारी माझं व्याख्यानच ठेवून टाकलं. विषय, 'जिभेवर विजय'. वक्ता, अस्मादिक!

माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय. पोटाची पिशवी आता पेरूएवढी उरलीय. डॉक्टर म्हणाले, साखर अशीच काबूत राहिली तर इन्शुलिनची सुई कायमची बंद. त्या सुईने माझ्या पोटाची पार चाळण केलीय. ती सुटावी म्हणून मी जन्मभर कारलं खायलाही तयार होतो!

आहाराच्या मॅडमनी सांगितलं, सकाळी गरम, मऊ काहीतरी शिजवून खा, पण कार्ब्स सांभाळून. झालं! मी पडलो संख्याशास्त्राचा प्राध्यापक. सेक्टर १७मधल्या दुकानात उभं राहून एकेक पाकीट उलटं करून वाचलं. मधवाले ओट्स? बाद! 'हेल्दी' म्युस्ली? अहो, ती तर मनुका घातलेली साखर! दुकानदार वैतागून म्हणाला, "सरजी, खरीदना है या इम्तिहान देना है?"

शेवटी साधे ओट्स आणले, त्यात भाजके चणे आणि जवस घालून दळले. विनयाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ते पीठ तिच्या रुखवतातल्या स्टीलच्या डब्यात भरलं.

"चव कशी आहे?" तिने विचारलं.

"ओल्या पुठ्ठ्यासारखी. पण खाणार!"

आता या डब्याला एक जुळा भाऊ आहे. त्यातून विनयाने शेजारच्या सोढीआंटींच्या बाळंतीण सुनेला डिंकाचे लाडू पाठवले होते. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत आपल्यासारखीच त्यांच्याकडेही. आंटींनी डबा परत पाठवला तो काठोकाठ पंजिरी भरून! पंजिरी म्हणजे तुपात खरपूस भाजलेली कणीक, कुटलेला सुकामेवा, आणि साखर तर मुंग्यांनी वास्तुशांत घालावी इतकी!

"हे घरात नको," कॉलेजला निघताना विनया म्हणाली. "आपल्या मंडळातल्या संपदालाही बाळ झालंय. तिचा नवरा येईल मुल्लानपूरहून, त्याला ओट्यावरचा डबा द्या. आणि अहो, उघडू नका!"

"विनया, तू कोणाशी बोलतेयस?" मी छाती फुगवली.

ओट्यावर डबे दोन होते. सकाळी मीच माझा डबा तिथे विसरलो होतो. उघडून बघितलं असतं तर प्रश्नच मिटला असता! पण उघडायचं नाही म्हणजे नाही. वास यायला नको म्हणून चक्क नाक दाबलं आणि उजवीकडचा डबा संपदाच्या नवऱ्याच्या हातात ठेवला. तो बिचारा सर्दीची चौकशी करून गेला.

दुसऱ्या दिवशी पीठ दुधात शिजवलं, चमचाभर तोंडात घातलं, आणि काय सांगू! गोड! ऑपरेशननंतर चव बदलते असं डॉक्टर म्हणाले होतेच. म्हटलं, हाच तो निर्धार! दाताखाली बदामाचा तुकडा आला. विनयाने मायेने गुपचूप घातला असणार. मी तिच्याकडे प्रेमाने बघितलं.

"काय हवंय?" ती म्हणाली.

पुढे रोज एकेक चमचा वाढवला की जरा गरगरायचं. ती मी विजयाची धुंदी समजलो. व्याख्यान ठरलं त्या आनंदात मात्र वाटीभर हाणलं, आणि दरदरून घाम फुटला! छातीत ढोल, डोळ्यांपुढे काजवे!

"विनया, गेलो गं मी!"

तिने मला गाडीत घातलं. डॉक्टर काय खाल्लं ते विचारतील म्हणून डबाही घेतला. गाडी चालवताना ती सारखे डोळे पुसत होती. मला खरंच भीती वाटली. ऑपरेशन वाया गेलं, सुई परत आली, आणि हिला मी उगाच रडवलं.

हॉस्पिटलात छातीवर वायरी लावल्या, रक्त काढलं. मग गुरलीन मॅडम, आमच्या आहारतज्ज्ञ, आल्या.

"सर, खाया क्या था?"

"चना, अलसी, ओट्स. बिना शुगर!" मी मरता मरताही ताठ.

मॅडमनी डबा उघडला, वास घेतला, बोटाने चाखलं आणि डोळेच मिटले. "सर, ये तो पंजीरी है! असली देसी घी की! मेरी नानी ऐसी ही बनाती थीं."

मी विनयाकडे बघितलं. विनयाने डब्याकडे बघितलं.

"घबराइए मत," मॅडम म्हणाल्या. "दिल ठीक, ऑपरेशन ठीक. मीठा छोटे पेट से सीधा नीचे भागता है, इसलिए ऐसा होता है. ये बंद, तो सुई भी बंद!"

हुश्श! विनया एकदम हसायलाच लागली, आणि हसता हसता परत रडली. मीही रडलो. लपवायचं काय त्यात?

बाहेर आलो तर संपदाचा फोन. विनयाने स्पीकर लावला.

"काकू, पंजिरी मिळाली हं," ती चाचरत म्हणाली. "पौष्टिक असेल ना? सासूबाई समोर बसून खायला लावतात. पण काकू, काकाही म्हणे असलंच बेचव पीठ रोज मिटक्या मारत खातात? हे सांगत होते, रविवारी त्यावर व्याख्यानही आहे!"

घरी आलो. विनयाने परत चणे-जवस-ओट्स दळले, शिजवले, माझ्यापुढे ठेवले. तोच ओला पुठ्ठा! मी वाटी चाटूनपुसून साफ केली. सुई नाही म्हटल्यावर पुठ्ठाही गिळता येतो हो!

व्याख्यान रद्द करा म्हणून अविनाशला फोन केला. तो म्हणतो, पत्रिका वाटून झाल्यात. आणि सोढीआंटी पहिल्या रांगेत बसणार आहेत, येताना सगळ्यांसाठी पंजिरी घेऊन!