पहिलं गिऱ्हाईक

इंदापूरच्या बाजारपेठेत भानुतात्यांचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानाची जाहिरात ते पोस्टकार्डावर करतात, आणि नवा मजकूर सुचला की पहिलं कार्ड स्वतःच्याच पत्त्यावर टाकतात. टपालवाल्यानं ते आणून दिलं की तात्या चपला घालून पायरी उतरतात आणि रस्त्यात उभं राहून परक्यासारखं वाचतात. वाचून स्वतःलाच दुकानात यावंसं वाटलं, तर आत येऊन बाकीची कार्डं लिहायला घेतात. नाही वाटलं, तर समोरच्या हॉटेलात चहाला जातात. "मलाच वढ लागंना, तर लोकांना कशी लागंल?"

छापील मजकूर त्यांना चालत नाही. प्रत्येक कार्ड हातानं लिहिलेलं आणि त्या त्या घराला शोभेल असं. आमच्या शेजारच्या आबांना आलं होतं, "गुडघा कसा आहे? तांब्याचा बंब आला आहे. शेक बरा बसेल." पिंपळीच्या एका घरी म्हैस व्यायली, तर चीक गोठायच्या आत दुधाच्या चरवीचं कार्ड हजर. तात्यांना ह्या बातम्या कशा लागतात, हे मला आजवर कळलेलं नाही. मात्र चुलतीच्या तेराव्याला परातीचं कार्ड आलं, तेव्हा आमच्या घरी जरा बोलाचाली झाली होती.

ह्या कार्डांना मी हसायला नको. कारण सगळ्यांत आधी फसले ती मी.

तेव्हा मी शेळगावात नवी नवरी होते. नाकी-डोळी बरी होते, आणि त्याहून बरी आहे असं मला वाटायचं. एक दिवस माझ्या नावानं कार्ड आलं. "तुमची आठवण झाली. खास तुमच्यासाठी काही ठेवले आहे. एकदा येऊन जावे." खाली सही नाही, नुसता पत्ता. माझ्या काळजानं असा ठेका धरला की विचारू नका! शाळेत मागच्या बाकावर बसून माझ्याकडं बघणारी चारदोन पोरं डोळ्यांपुढं उभी राहिली. सासूबाईंना सांगितलं, दात दुखतोय, डॉक्टरला दाखवून येते. नाकात नथ घालून एसटीत बसले. दात दाखवायला नथ कशाला लागते, हे ह्या शहाणीला सुचलंच नाही.

पत्त्यावर पोचले तर भांड्यांचं दुकान. दारात तालुक्यातल्या नव्या सुनांची झुंबड. प्रत्येकीच्या हातात कार्ड, प्रत्येकीच्या नाकात नथ. त्या दिवशी इंदापूर तालुक्यात दातदुखीची साथच आली असावी. आत तरणेबांड तात्या हात जोडून म्हणत होते, "ताईसायेब, तुमच्यासाठीच ठेवलंय." काय? तर दुधाचं पातेलं. मी ते मुकाट घेतलं. बूड काळं पडलं, पण अजून वापरात आहे.

पुढं माझ्या नथीचं वेड उतरलं. तात्यांचं कार्डाचं नाही उतरलं. त्यांनी लग्नही केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सांगितलंय वरच्याला. पत्ता चुकला आसंल."

आता ते ऐंशीला टेकलेत. लोक भांडीसुद्धा मोबाईलवर मागवतात. दुकान पुतण्या सुनील बघतो. तो म्हणाला, "तात्या, यक बटण दाबलं की तालुकाभर मेसेज जातो."

"आन यक बोट फिरवलं की तालुकाभर पुसला जातो. ज्या जाहिरातीला हात लागत न्हाय, ती कसली जाहिरात?"

शेवटी सुनीलनं सांगून टाकलं, की ही लग्नसराई बघू. गिऱ्हाईक आलं नाही, तर भांडी मोडीत घालायची आणि गाळा मोबाईलवाल्याला द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून तात्या मान खाली घालून लिहायला बसले.

तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडं कार्ड आलं. कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेलं. "रविवारी दुकानी अगत्य यावे. तुमच्यावाचून शोभा नाही." बाकी एक अक्षर नाही.

तात्यांचा हिशोब सरळ होता. हळदीकुंकवाचा कागद कुणी केरात टाकत नाही, आणि सगळं कार्डातच सांगितलं तर दुकानात कोण कशाला येईल? पण लोकांचा हिशोब त्याहून सरळ निघाला. सूनबाई ओरडतच आत आली, "आत्या, तात्यांचं लगीन!"

बारामतीपासून शेळगावापर्यंत बातमी पसरली. नवरी सोमेश्वरनगरची आहे इथपर्यंत मजल गेली. मी ट्रंकेतून नथ काढली. त्या माणसाच्या कार्डानं मी दुसऱ्यांदा नथ घातली, आता काय बोलायचं!

रविवारी दुकानापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. फेटे, टोप्या, खणांची ताटं. एकानं तर आहेर म्हणून कुकर आणला होता.

"नवरी कुठाय तात्या?"

तात्या हातातला तांब्या तसाच धरून उभे. "नवरी न्हाय, पातेली हायत," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. मग त्यांची नजर त्या कुकरवर गेली, आणि खरं दुःख झालं ते तेव्हा. "आरं, माज्या लग्नाला दुसऱ्याच्या दुकानातला कुकर?"

हशा असा उठला की थांबेना. आलेली माणसं रिकामी थोडीच जातात? कुणाच्या लेकीचं लग्न ठरलेलं, कुणाचं घर नवं. पराती, हंडे, डबे भराभर निघाले. सुनीलला पाणी प्यायला सवड नव्हती. संध्याकाळी मोकळ्या फळ्यांकडं बघत तो म्हणाला, "तात्या, आणखी कार्डं आणून ठिवतो."

तात्या पायरीवर बसले होते. कुणीतरी त्यांना आहेराचं टोपी-उपरणं घातलेलं, ते त्यांनी काढलं नव्हतं. टपालवालाही लग्नाला म्हणून आला होता. तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "आजी, तात्या सोताला कार्ड टाकत्यात ते मजकुरासाठीच आसं न्हाय. हंगाम नसला तरी टाकत्यात. दुसऱ्या कुणाचं येतच न्हाय त्यांना."

जाताना मी एक पोस्टकार्ड घेऊन गेले. घरी बसून तात्यांच्याच वळणानं लिहिलं, "खोकला कसा आहे? खास तुमच्यासाठी काही ठेवले आहे. एकदा येऊन जावे." खाली नुसता पत्ता.

आठ दिवसांनी तात्या आमच्या दारात. आहेराची टोपी डोक्यावर, कार्ड हातात.

"सुनीलला सांगून आलोय, दात दुखतोय म्हणून."

"तात्या, तुमची तर कवळी आहे."

"ते त्याच्या ध्यानात आलं न्हाय."

चुलीवर त्याच पातेल्यात खीर शिजत होती. तात्यांनी ओसरीवर नजर फिरवली, मग मागं वळून रस्त्याकडं बघितलं.

"बाकीची गिऱ्हाइकं आली न्हाईत का अजून?"

"बसा तात्या," मी म्हटलं, "ह्या खेपेला एकच कार्ड टाकलंय."