पंगत उठेना

मी खुर्चीवर बसून जेवणार नाही, असं ठरवलं. एवढंच. पुढचं सगळं त्यातून झालं.

शेतात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरलो आणि गुडघ्यातली दोरी तुटली. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन कशाला, काठी धरा. मी म्हणालो, काठी गुरांसाठी असते. मग गोंदियाला ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीतली नस काढून नवी दोरी ओवली. (घरचाच माल.)

त्यानंतर सहा महिने दवाखान्यातल्या हर्षा नावाच्या पोरीने व्यायाम करवून घेतला. ती पाय वाकवायची, मी दात आवळायचो. (ओरडलो नाही. ओरडलो असं धुरपता सांगते. ती माझी बायको आहे, तिला मुभा आहे.) शेवटी पलंगावर मांडी घालता आली. जमिनीवरून उठायचं कसं ते सोमवारी शिकवते, तोवर खाली बसू नका, असं हर्षाने बजावलं. बसता आलं की उठणं आपोआप येतं, असं मला वाटलं.

रविवारी सौंदडला पुतण्याचं लग्न. नवरीचे वडील गुलाबचंद यांनी माझ्यासाठी टेबल-खुर्ची मांडली. मी ती बाजूला सारली आणि पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसलो. सगळं वऱ्हाड माझ्या गुडघ्याकडे बघत होतं. छाती फुगली.

पोटभर जेवलो. उठायला गेलो, तर पाय ऐकेना.

आमच्याकडे वडीलधारा उठल्याशिवाय पंगत उठत नाही. चाळीस माणसं उष्टे हात वाळवत माझ्याकडे बघू लागली. मी वाढणाऱ्या बिसरामकडे भात मागितला. खाल्ला. पुन्हा मागितला. दुसऱ्या पंगतीची माणसं मांडवाबाहेर उन्हात उभी होती.

चौथ्या वेळी बिसराम वाकून म्हणाला, "काकाजी, भाताचा गंज रिकामा झाला. दुसरा चुलीवर चढवू का?"

तेवढ्यात धुरपता मागून आली आणि कानाशी लागली.

"उठता येऊन नाही राहिलं ना?"

"भूक आहे मले."

"बोलावू का चार जन उचलाले?"

चार जणांनी मला एकदाच उचलायचं आहे, आणि ते आज नाही. चांगल्या पायावर कललो, दोन्ही हात जमिनीला टेकले, दात आवळले आणि उभा राहिलो. एकटा. नवी दोरी तसूभर हलली नाही. मागे सगळी पंगत धडाधड उठली. मी ताठ मानेने हात धुवायला गेलो.

सोमवारी हर्षाला उठून दाखवलं. ती आधी रागावली. मग बाकीच्या पेशंटांना बोलावून तिने मला पुन्हा उठायला लावलं. तीनदा उठलो.

गावात मात्र माझ्या गुडघ्याचं कोणी नाव काढत नाही. परवा तिरोड्याहून एक जण लग्नाची पत्रिका घेऊन आला. चहा प्याला, आणि जाताना त्याने धुरपताला हळूच विचारलं, "काकी, एकट्या काकाजीसाठी किती पायल्या तांदूळ टाकाचे?"