मंगळवारची हवा

आमचे शेजारी सेतूराव कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्यात उभे राहून हवा हुंगतात आणि तिचा वार सांगतात.

"ही मंगळवारची हवा, वहिनी."

आणि त्या दिवशी असतो शुक्रवार. म्हणजे तुम्ही मंगळवारपासून खिडकी उघडलेली नाही. पहिल्यांदा मला राग आला होता. मग आठवलं, मंगळवारी मी वांगी भाजली होती आणि समोरचा रस्ता खणलाय म्हणून त्या दिवसापासून खिडक्या लावूनच होत्या. आता अशा माणसाशी भांडणार तरी काय?

मी साताऱ्याची. लग्न होऊन चेन्नईत एग्मोरला आले त्याला चाळीसेक वर्षं झाली. सेतूरावांचं घराणं तंजावरचं. त्यांची मराठी ऐकली की एखादी जुनी पोथी तमिळ शिकून आल्यासारखी वाटते. खिडकीला ते जन्नल म्हणतात. "जन्नल उघडा, तुम्हांस पुण्य लागेल," असं म्हणेपर्यंत स्वतःच उघडतात, आणि मग चहाला बसतात.

हे वेड त्यांना कचेरीत लागलं. तीस वर्षं एका सरकारी दफ्तरात होते, जिथल्या खिडक्या रंग मारताना चौकटीला चिकटल्या त्या चिकटल्याच. रोज दुपारी तीनला अख्ख्या खोलीचं डोकं दुखायचं. सगळ्यांना वाटायचं कामामुळे दुखतं. सेतूराव म्हणतात, "काम कोण करत होतं?" एकदा कुणाच्या तरी चेंडूने एक काच फुटली आणि त्यांची डोकेदुखी थांबली. सहा महिने त्यांनी ती काच फुटल्याचं वर कळवलंच नाही. खुर्ची मात्र तिथे सरकवली.

तेव्हापासून बंद खोलीशी त्यांचं वैर. आमच्या सोसायटीची सभा तळमजल्यावरच्या एसीच्या खोलीत होते. पस्तीस माणसं, दार बंद. अर्धे जांभया देतात, अर्धे भांडतात. गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीवरून दोघं हातघाईवर आले, तेव्हा सेतूराव उठले आणि एसी बंद करून सगळ्या खिडक्या उघडून आले. दहा मिनिटांत ठराव झाला. सेक्रेटरी म्हणाले, समजूतदारपणा दाखवल्याबद्दल सर्वांचे आभार. सेतूराव माझ्या कानाशी म्हणाले, "समजूत कसली, वारं लागलं."

आमच्या घरातली डासांची अगरबत्तीही त्यांनीच बाहेर काढली. "डास बाहेर जातो, धूर तुम्ही पिता. यात हुशार कोण?" मी चिडून म्हणाले, डास. पण खरं सांगते, माझा सकाळचा खोकला महिन्याभरात कमी झाला. त्यांना मी ते सांगितलं नाही. फार शेफारले असते.

त्यांच्या मुलाने, प्रसन्नाने, त्यांना हवा मोजायचं एक डबडं आणून दिलंय. खोलीत माणसं फार झाली की ते लाल होतं. सेतूराव ते खिशात बाळगतात, पण त्याला मान देत नाहीत. म्हणतात, "यंत्रास वार कळत नाही."

प्रसन्ना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला राहतो, नव्या फ्लॅटमध्ये. बायको विद्या, आणि तीन वर्षांची मीनू. सेतूरावांची पत्नी पद्मावहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून त्यांचा आठवडा म्हणजे एक रविवार आणि त्याची वाट बघण्याचे सहा दिवस. मीनूला दम लागतो. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. सेतूराव दर रविवारी तिथे जाऊन युद्ध करत. नव्या प्लायवूडचा वास, भिंतीत खोचलेलं सुगंधाचं यंत्र, बंद खिडक्या. सुगंधाचं यंत्र तर त्यांनी चक्क कचऱ्यात टाकलं. विद्या वाईट नाही हो. पहाटे खिडक्या उघडते, रस्त्यावर धूळ उडायला लागली की लावते. तिचंही बरोबरच आहे.

एका शनिवारी तिचा मला फोन आला. "मामी, तुम्हीच अप्पांना सांगा. थोडे दिवस येऊ नका म्हणावं. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या दिवशी त्रास जास्त होतो. मी लिहून ठेवलं होतं. दर रविवारी रात्री. ते येऊन गेले की."

मी रात्रभर शब्द जुळवत होते. सकाळी सेतूराव इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. माझ्याने बोलवेना. म्हटलं, मीही येते, मीनूला बघून बरेच दिवस झाले. गाडीत सांगू.

गाडी मागवली. एसी चालू, काचा बंद. दोन सिग्नल गेले आणि ड्रायव्हरने आपणहून काच खाली केली. सेतूराव खूश. "पाहा, शहाणा माणूस."

ड्रायव्हर तमिळमध्ये म्हणाला, "सार, राग मानू नका. डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. डोळे चुरचुरतात."

सेतूरावांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा?"

"तुमचा," मी म्हणाले.

तो वास मला कैक दिवसांपासून ठाऊक होता. मला तो सेतूरावांचाच वास वाटायचा, जसा काही माणसांना तपकिरीचा असतो. मग मी विद्याचं सगळं बोलणं सांगून टाकलं, एका दमात. पुढच्या सिग्नलला ते ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी परत फिरवा."

घरी आल्यावर मला पत्र्याच्या कपाटापुढे नेलं. वरच्या खणांत पद्मावहिनींच्या साड्या, खालच्या खणात सेतूरावांचे शर्ट. साड्यांना कसर लागू नये म्हणून दरवर्षी मूठभर गोळ्या टाकत गेले, जुन्या काढल्याच नाहीत. आणि दार? हात जाईल एवढंच उघडायचं, शर्ट ओढायचा, की लगेच लावायचं.

"असं का?"

"तिचा वास जाईल म्हणून," ते म्हणाले. "तुम्ही उघडा. मज होत नाही."

मी दोन्ही दारं उघडली. डोळ्यांत पाणी आलं. भावनेने नाही, गोळ्यांनी. पातेलं भरून गोळ्या निघाल्या. सेतूरावांनी एक मोरपंखी साडी घेतली. काठ हुंगला, पदर हुंगला, घडीच्या आत नाक घातलं. बराच वेळ.

"डांबर," ते म्हणाले.

दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग पलंगावर बसले.

"वहिनी, चार वर्षं मी गोळ्यांचा वास घेतला. पद्मा समजून."

मी साड्यांचा गठ्ठा उचलला आणि गॅलरीत नेला.

त्या दिवशी दोन्ही घरांच्या दोऱ्यांवर, खुर्च्यांवर, गॅलरीच्या कठड्यावर साड्याच साड्या होत्या. शर्ट आमच्या मशीनमध्ये तीनदा धुतले. पुढचे तीन रविवार सेतूराव गेले नाहीत. रोज सकाळी येऊन बाही माझ्या नाकापुढे धरत. "माझं नाक फितूर निघालं. तुम्ही सांगा." मी सांगत असे, अजून येतो. अजून थोडा. चौथ्या शनिवारी मी म्हणाले, नाही येत. तरी त्यांनी आमच्या ह्यांनाही हुंगायला लावलं.

रविवारी ते गेले. संध्याकाळी लिफ्टचा आवाज आला तशी मी दारात जाऊन उभी राहिले.

"मीनू खोकली?"

"नाही. दुपारी खांद्यावर झोपली. दोन तास."

"आणि जन्नल उघडली की नाही?"

"बंद होती. एसी चालू होता." ते किल्ली शोधत होते. "उठलो असतो तर जागी झाली असती. मी तर श्वाससुद्धा हळू घेत होतो."